स्पिरिट, अर्क आणि दोन थेंब ब्रँडी



आपल्या या सदरात दर महिन्याला आपण एक जुना शब्द घेतो. या महिन्याचा शब्द आहे 'स्पिरिट'. 'टीम स्पिरिट'मधला नव्हे, बाटलीतला.

तुमच्या घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना विचारून बघा, 'पूर्वी घरात स्पिरिट कशाला ठेवायचे?' उत्तर बहुतेक स्टोव्हपासून सुरू होईल. पितळी स्टोव्ह, त्याची पिन, पंप मारणं, आणि त्याआधी स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते : रॉकेल द्रवरूपात असताना निळ्या ज्योतीनं जळत नाही, त्याची आधी वाफ व्हावी लागते. त्यासाठी बर्नर गरम हवा. म्हणून चिमट्यासारख्या काकड्याला स्पिरिट लावून तो बर्नरच्या मानेभोवती अडकवायचा, पेटवायचा आणि बर्नर तापला की पंप मारायचा. हा स्टोव्ह फ्रान्स विल्हेम लिंडक्विस्ट या स्वीडिश माणसानं १८९२ मध्ये बनवला आणि 'प्रायमस' या नावानं तो जगभर गेला. आमच्या बेळगावच्या घरात तो माळ्यावर अजून आहे. स्पिरिटची बाटली मात्र फडताळात असायची, खोबरेल तेलाच्या शेजारी. त्या बाटलीला दारू म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

आणि ती होती मात्र दारूच. निदान नव्वद टक्के तरी.

स्पिरिट हे अल्कोहोलचं जुनं नाव आहे. आपल्या घरांमध्ये या एकाच द्रवाला आपण इतकी नावं दिली आहेत, की त्याची कपाटं वेगळी झाली, दुकानं वेगळी झाली आणि त्याच्याबद्दलची भीतीसुद्धा वेगवेगळी झाली. दारू म्हटलं की आपण दार लावतो. स्पिरिट म्हटलं की कापूस शोधतो. ब्रँडी म्हटलं की आजी चमचा आणते. हे जरा उलगडून बघू या, कारण घरात लहान मूल असेल तर हा नुसता शब्दांचा खेळ राहत नाही.

मी राहते बंगळुरूच्या जयनगरमध्ये. या लेखासाठी मुद्दाम फोर्थ ब्लॉकमध्ये जाऊन दोन दुकानांत 'स्पिरिट' मागितलं. मेडिकलवाल्यानं विचारलं, 'सर्जिकल स्पिरिट्टा?' हार्डवेअरवाल्यानं विचारलं, 'पॉलिशगा?' म्हणजे पॉलिशसाठी हवंय का? एकच शब्द आणि दोन वेगळ्या बाटल्या. तिसरं दुकानही कोपऱ्यावर आहे, त्याच्या पाटीवर 'वाईन्स अँड स्पिरिट्स' असं लिहिलेलं असतं. तिथे मी गेले नाही, कारण तिथे काय विचारतात ते सगळ्यांना माहीत आहे.

श्वास, घाम आणि सुरमा

'स्पिरिट' हा शब्द लॅटिनमधल्या 'स्पिरिटस'वरून आला. त्याचा मूळ अर्थ श्वास, फुंकर, आणि त्यावरून प्राण, आत्मा. हा शब्द बाटलीत कसा शिरला? जुने किमयागार द्राक्षाची दारू तापवायचे. त्यातून न दिसणारी वाफ वर जायची आणि थंड नळीत थेंबाथेंबानं परत द्रव व्हायची. हे थेंब मूळ दारूपेक्षा कितीतरी तेज असायचे, पेट घ्यायचे. त्यांना वाटलं, आपण वाईनचा प्राणच वेगळा काढला. म्हणून ते 'स्पिरिट ऑफ वाईन' झालं. लॅटिनमध्ये त्याचं दुसरं नाव होतं 'अॅक्वा व्हायटी', म्हणजे जीवनजल. फ्रेंच 'ओ द व्ही' आणि 'व्हिस्की' हा शब्द ज्यावरून आला ते जुनं गेलिक नाव, या दोन्हींचा अर्थ तोच. ब्रँडीचा अर्थ मात्र सरळ आहे : डच भाषेत 'जाळलेली वाईन'.

आपल्याकडे याच थेंबांना प्राण न म्हणता घाम म्हटलं गेलं. 'अर्क' हा शब्द अरबी 'अरक'वरून आला आणि त्याचा एक अर्थ घाम. भांड्याच्या थंड झाकणाखाली जमणारे थेंब डोळ्यांसमोर आणा, नाव किती चपखल आहे ते कळेल. (संस्कृतात अर्क म्हणजे सूर्य आणि रुईचं झाड, ते वेगळं.) आयुर्वेदात फक्त अर्कांवर लिहिलेला 'अर्कप्रकाश' नावाचा ग्रंथ आहे आणि परंपरा त्याचा कर्ता म्हणून चक्क रावणाचं नाव सांगते.

याच अरबी शब्दाची भावंडं आपल्या आजूबाजूला पसरली आहेत. इंग्रजांनी त्याचं 'अॅरॅक' केलं. कर्नाटकात त्या स्वस्त दारूला 'सारायी' म्हणतात. ती इथे प्लास्टिकच्या पाकिटातून विकली जायची आणि १ जुलै २००७ पासून राज्यात तिच्यावर बंदी आहे. गोव्यात काजूच्या बोंडांच्या आंबवलेल्या रसाचं पहिलं ऊर्ध्वपातन झालं की जे हातात येतं त्याला 'हुर्राक' म्हणतात, म्हणजे पुन्हा तोच अरक. तोच पुढे आणखी एकदा गाळला की फेणी होते. आणि मराठीत? मराठीत आपण हा शब्द माणसांना लावला. 'काय अर्क आहे पोरगं!' हे ज्या घरात ऐकू येत नाही ते घर मी अजून पाहिलेलं नाही.

सरकारी मराठीत अल्कोहोलला 'मद्यार्क' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. पहिला भाग संस्कृत, दुसरा अरबी आणि दोघांना जोडणारा संधी पाणिनीच्या नियमानं.

खुद्द 'अल्कोहोल'ची गंमत तर त्याहून मोठी. अरबीत 'अल-कुह्ल' म्हणजे सुरमा, डोळ्यांत घालायची काळी पूड. ती इतकी बारीक असायची की 'कुठल्याही पदार्थाचं अगदी सूक्ष्म, शुद्ध रूप' असा तिचा अर्थ झाला. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या वैद्यानं वाईनच्या शुद्ध अंशाला हेच नाव लावलं. पुढे 'वाईनचा' हा भाग गळून पडला आणि उरला नुसता सुरमा. म्हणजे सॅनिटायझरच्या बाटलीवर ७० टक्के अल्कोहोल लिहिलेलं असतं तेव्हा शब्दार्थानं ते ७० टक्के काजळ असतं!

४२.८ हा आकडा कुठून आला?

हे थोडं अवांतर आहे, पण राहवत नाही. भारतात बनलेल्या व्हिस्की, रम, ब्रँडीच्या लेबलवर जवळपास नेहमी '४२.८ टक्के' असं छापलेलं असतं. ४० नाही, ४५ नाही. असा विचित्र आकडा का?

पूर्वी ब्रिटनमध्ये स्पिरिटमध्ये पाणी मिसळलंय का ते बघायची एक पद्धत सांगतात. बंदुकीच्या दारूवर (पुन्हा 'दारू'!) ते ओतायचं आणि काडी लावायची. पेटलं तर स्पिरिट खरं ठरलं, 'प्रूफ' मिळालं. पाणी जास्त असेल तर ओली दारू पेटत नाही. पुढे मोजमापाची साधनं आली तेव्हा ही सीमा साधारण ५७.१ टक्क्यांवर पक्की झाली आणि तिला १०० प्रूफ म्हटलं गेलं. आपल्या अबकारी खात्यानं इंग्रजांचं हेच माप घेतलं. शंभरातून पंचवीस कमी, म्हणजे ७५ प्रूफ. ५७.१ चे पंचाहत्तर टक्के काढा : ४२.८. इंग्रज गेले, बंदुकीची ती दारू गेली, पण आकडा लेबलवर तसाच राहिला. महाराष्ट्रात देशी दारूच्या बाटलीवर 'अंडर प्रूफ' हे शब्द दिसतात तेही याच हिशेबातले.

औषधाच्या कपाटातली दारू

आता घराकडे येऊ. औषध म्हणून मद्याचा वापर आपल्याकडे फार जुना आहे आणि तो लपवून केलेला नाही. चरकसंहितेत ८४ आसवांचा उल्लेख आहे. सुश्रुतसंहितेत शस्त्रक्रियेआधी वेदना सहन न होणाऱ्या रुग्णाला तीक्ष्ण मद्य द्यावं असं सांगितलं आहे. भूल देण्याचं शास्त्र यायला तेव्हा दोन हजार नाही तरी दीड हजार वर्षं तरी होती, त्यामुळे हेच त्यातल्या त्यात दयाळू साधन. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मद्याच्या प्रकारांची यादी आहे आणि त्यात आसव, अरिष्ट ही नावं आहेत. म्हणजे आज जे शब्द आपण फक्त वैद्याच्या दुकानात ऐकतो ते एकेकाळी सुराध्यक्षाच्या, म्हणजे त्या काळच्या एक्साईज साहेबाच्या वहीतही होते.

आसव आणि अरिष्ट यांत फरक एवढाच, की आसवात औषधं न उकळता घालतात आणि अरिष्टात आधी त्यांचा काढा करतात. मग गूळ किंवा मध आणि धायटीची फुलं घालून भांडं बंद करून ठेवायचं. आत जे आंबतं त्यातून अल्कोहोल आपोआप तयार होतं. ते औषधातले गुण ओढून घेतं आणि औषध टिकवतंही. म्हणून काढा दोन दिवसांत खराब होतो आणि अरिष्ट वर्षानुवर्षं टिकतं. बाटलीच्या लेबलवर बारीक अक्षरात 'स्वयंजनित मद्यार्क' आणि पुढे टक्केवारी लिहिलेली असते. बाळंतिणीला दिलं जाणारं दशमूलारिष्ट घ्या किंवा द्राक्षासव घ्या, बहुतेकांवर पाच ते दहा टक्क्यांच्या आसपासचा आकडा सापडेल. बिअर साधारण पाच टक्क्यांची असते. मी हे घाबरवायला सांगत नाही. अरिष्टाचा डोस चमच्यांत असतो, ग्लासात नाही. पण वाचून घ्यावं असं नक्कीच वाटतं.

पाश्चात्त्य औषधांतही हेच. शाळेत गुडघा फुटला की लावायचं ते झोंबणारं 'टिंचर' म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं आयोडीन. होमिओपॅथीच्या पांढऱ्या गोळ्यांवर जे थेंब टाकतात तेही अल्कोहोलमधलेच. इंजेक्शनआधी दंडावर फिरवतात तो गार कापूसही त्यातलाच. इथे एक गोष्ट मला हा लेख लिहिण्याआधी कळली ती सांगायला हवी : जंतू मारायला शंभर टक्के अल्कोहोलपेक्षा ७० टक्क्यांचं अल्कोहोल जास्त चांगलं. शुद्ध अल्कोहोल फार पटकन उडून जातं आणि जंतूंमधली प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतंच. तेव्हा पाणी घातलेलं स्पिरिट म्हणजे फसवणूक नव्हे, निदान दवाखान्यात तरी.

महाराष्ट्राच्या कायद्यातही हा औषधी दारूचा धागा फार मजेशीर अडकला आहे. १९४९ मध्ये मुंबई प्रांतात दारूबंदीचा कायदा झाला. त्यात 'लिकर'ची व्याख्या इतकी रुंद होती की ज्यात अल्कोहोल आहे असा कुठलाही द्रव तिच्यात येत होता. म्हणजे व्हिस्कीही आली, डिनेचर्ड स्पिरिटही आलं आणि हातरुमालाला लावायचं ओ-दी-कोलोनही आलं. फ्राम नसरवानजी बालसारा नावाचे गृहस्थ याविरुद्ध कोर्टात गेले. त्यांनी ज्या वस्तू बाळगायला परवानगी मागितली होती त्यांत व्हिस्की, ब्रँडीबरोबर औषधी वाईन आणि ओ-दी-कोलोनसुद्धा होतं. सर्वोच्च न्यायालयानं १९५१ मध्ये दारूबंदी कायदा ठेवला, पण औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं यांच्यापुरती त्यातली कलमं रद्द केली. कायद्याचे विद्यार्थी आजही हा खटला शिकतात.

आणि पुढची गंमत. तो कायदा आजही महाराष्ट्रात आहे. कागदावर बघायला गेलं तर पिणाऱ्याला परवाना लागतो आणि तो मागताना कारण काय? 'प्रकृतीचं रक्षण आणि ती टिकवणं.' म्हणून तर बारच्या पाटीवर 'परमिट रूम' लिहिलेलं असतं. रोज संध्याकाळी तिथे बसलेली सगळी मंडळी कायद्याच्या भाषेत तब्येत सांभाळायला आलेली असतात. बंगळुरूला आल्यावर पाट्यांवरून 'परमिट रूम' गायब झालेली पाहून मला काही दिवस चुकल्यासारखं वाटत होतं!

दोन थेंबांनी काय होतंय?

आता मूळ मुद्दा. माझ्या दादाची मुलगी चार महिन्यांची असताना तिला सर्दी झाली. आम्ही सगळे जयनगरमध्ये, आजी बेळगावात. व्हिडिओ कॉलवर आजी वहिनीला म्हणाली, "अगं, छातीला जरा ब्रँडी चोळ. आणि मधातून दोन थेंब दे. दोन थेंबांनी काय होतंय? तुझ्या नवऱ्याला मी असंच वाढवलंय."

वहिनी नाशिकची, शांत बाई. ती म्हणाली, "बरं आजी, डॉक्टरांना विचारून देते." डॉक्टरांनी तीन वेळा 'नाही' म्हटलं : ब्रँडी पोटात नाही, छातीला नाही आणि मधही नाही, कारण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये.

आजीला वाईट वाटलं. तिच्या बाजूनं विचार केला तर ते समजण्यासारखं आहे. तिच्या तरुणपणी ब्रँडी ही दारू नव्हतीच. ती डॉक्टरनं लिहून दिलेली गोष्ट होती. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीलाही युरोपातले डॉक्टर अशक्त रुग्णाला, ताप उतरताना, चक्कर आल्यावर ब्रँडी देत. तिकडून ती आपल्या मिशन हॉस्पिटलांत, रेल्वेच्या दवाखान्यांत आणि मग घरच्या कपाटात आली. ज्या घरात दारूचं नाव काढायची बंदी होती त्याच घरात बाळंतिणीसाठी, सर्दीसाठी, दाढदुखीसाठी चपटी बाटली असायची. कोकणात आणि गोव्यात हेच काम फेणीनं केलं.

लहान मुलांच्या बाबतीत तर बाजारात मिळणाऱ्या औषधांनीही हेच शिकवलं होतं. ग्राईप वॉटर आठवा. ते विल्यम वुडवर्ड या इंग्रज औषध विक्रेत्यानं १८५१ मध्ये नॉटिंगहॅमला बनवलं. बडीशेपेच्या जातीतल्या शेपूचं तेल, सोडा, साखर, पाणी आणि ३.६ टक्के अल्कोहोल. बाळ शांत होत असे यात नवल ते काय! ब्रिटनमध्ये त्यातलं अल्कोहोल निघायला १९९२ उजाडलं. आता आपल्याकडच्या बाटल्यांवर 'अल्कोहोल नाही' असं लिहिलेलं असतं. पण ही ओळ छापावी लागते, यातच इतिहास आला.

मग दोन थेंबांनी होतं तरी काय? तान्ह्या बाळाचं यकृत अल्कोहोल फोडायला अजून तयार नसतं. त्याच्या शरीरात साखरेचा साठा थोडा असतो आणि अल्कोहोलमुळे रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते. अशा बाळाला झटके येऊ शकतात, ते बेशुद्ध होऊ शकतं. दोन थेंब म्हणता म्हणता अर्धा चमचा होतो, आणि वजन असतं पाच-सहा किलो. चोळण्यातही धोका आहे. बाळाची त्वचा पातळ असते, त्यातून अल्कोहोल आत जातं. वाफही नाकातून आत जाते. तापात अंग स्पिरिटनं पुसायची जुनी पद्धत डॉक्टरांनी याच कारणासाठी सोडली. त्यानं अंग गार लागतं खरं, पण ते कातडी गार झाल्यामुळे.

आणि 'ब्रँडीनं ऊब येते' हेही अर्धसत्यच. अल्कोहोलमुळे त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त वर येतं, आपल्याला उबदार वाटतं. प्रत्यक्षात शरीराची उष्णता बाहेर जात असते. गळ्यात ब्रँडीचं पिंप अडकवून बर्फात माणसं वाचवणारे ते सेंट बर्नार्ड कुत्रे? ते पिंप एडविन लँडसीअर या इंग्रज चित्रकारानं १८२० मध्ये चित्रात काढलं आणि मग सगळ्यांनी ते खरं धरलं.

आजीला मी हे सगळं फोनवर सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की पूर्वी ग्राईप वॉटरमध्येही दारू असायची. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मग वहिनी ते दशमूलारिष्ट घेत्येय ते?" हा प्रश्न अगदी बरोबर होता. अंगावर पाजणाऱ्या आईच्या पोटात गेलेलं अल्कोहोल दुधातही उतरतं. वहिनीनं पुढच्या वेळी ती बाटली डॉक्टरांना दाखवली. लेबल वाचून त्यांनी ती बंद करायला सांगितली. तुमच्या डॉक्टरांचं किंवा वैद्यांचं मत वेगळं असू शकेल, पण बाटली दाखवून विचारा, नाव सांगून नको. नावानं काही कळत नाही, आकडा लेबलवर असतो.

फडताळातली ती दुसरी बाटली

स्टोव्हच्या स्पिरिटबद्दल एक गोष्ट राहिली, आणि ती सगळ्यात महत्त्वाची आहे.

स्टोव्हला, पॉलिशला, कारखान्याला स्पिरिट स्वस्त हवं. प्यायच्या दारूवर मात्र सरकारला कर हवा. मग स्वस्त स्पिरिट लोकांनी पिऊ नये म्हणून काय करायचं? ब्रिटननं १८५५ मध्ये उपाय काढला : त्यात विष मिसळायचं आणि मग कर माफ करायचा. मिसळलं गेलं लाकडापासून मिळणारं स्पिरिट. म्हणून ते 'मेथिलेटेड स्पिरिट' झालं. लाखेचा चपडा विरघळवून लाकडाला चकाकी देणारे सुतार आणि पॉलिशवाले पिढ्यानपिढ्या हेच वापरत आले. आपल्या स्टोव्हच्या बाटलीत असायचं तेही याच जातीचं. दिसायला पाण्यासारखं, किंवा रंग घातला असेल तर निळसर-जांभळं.

'मेथिल' हा शब्द १८३४ मध्ये द्युमा आणि पेलिगो या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांच्या कामातून आला. ग्रीक 'मेथी' म्हणजे मद्य आणि 'ह्यूले' म्हणजे लाकूड : लाकडाचं मद्य. हे ग्रीक 'मेथी' आणि आपलं संस्कृत 'मधु' एकाच मुळातले शब्द आहेत. अॅमेथिस्ट नावाचा जांभळा खडाही त्यातलाच. तो घातला की दारू चढत नाही असं ग्रीक मानत, म्हणून 'अ-मेथिस्ट'. इतक्या गोड कुळातलं नाव, आणि द्रव मात्र जीवघेणा.

साधं अल्कोहोल म्हणजे इथाइल आणि हे मिथाइल, दोघांचा वास आणि चव जवळजवळ सारखी. फरक पोटात गेल्यावर कळतो. मिथाइल अल्कोहोलपासून यकृतात आधी फॉर्मालिनमधला पदार्थ तयार होतो आणि मग मुंग्यांच्या डंखात असतं ते फॉर्मिक आम्ल. हे आम्ल डोळ्यांच्या नसेवर घाला घालतं. आणि यात वेळ जातो. सुरुवातीला नुसती नशा वाटते, माणूस झोपतो. सहा तास, बारा तास, कधी पूर्ण दिवसानंतर पोट दुखतं, उलट्या होतात, डोळ्यांसमोर बर्फ पडल्यासारखं पांढरं दिसायला लागतं. तोवर घरच्यांना वाटतं, उतरेल.

बंगळुरूमध्ये जुलै १९८१ मध्ये विषारी दारूनं तीनशेहून अधिक माणसं गेली. मुंबईत विक्रोळीला २००४ मध्ये ८७. मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभराहून जास्त. मेलेली माणसं बहुतेक रोजंदारीवरची होती. स्वस्त म्हणून जे घेतलं त्यात कारखान्याचं स्पिरिट मिसळलेलं होतं. एप्रिल २०२१ मध्ये लॉकडाऊनमुळे दुकानं बंद असताना यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत काही जण सॅनिटायझर प्यायले, किमान सात जण गेले. 'अल्कोहोल' हा शब्द त्यांनी लेबलवर वाचला होता किंवा कुणाकडून तरी ऐकला होता. वाईट याचं वाटतं की शब्द खोटा नव्हता.

यावर जो उतारा आहे तो ऐकून मी थक्क झाले. अनेक हॉस्पिटलांत मिथाइलच्या विषबाधेवर इथाइल अल्कोहोल देतात, म्हणजे साधी दारू, पण मोजून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. यकृतातलं एकच विकर या दोघांना फोडतं आणि त्याला इथाइल जास्त आवडतं. ते इथाइलमध्ये गुंतलं की मिथाइल न फुटता राहतं आणि डायलिसिसनं किंवा हळूहळू शरीराबाहेर पडतं. फोमेपिझोल नावाचं औषधही त्याच विकराला अडवतं. घरी हा प्रयोग करायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता तुमच्या घरातली बाटली बघा. पितळी स्टोव्ह गेले, पण रंगकाम झाल्यावर उरलेलं थिनर, पॉलिशवाल्यानं ठेवून गेलेलं स्पिरिट, कोविडच्या वेळचे सॅनिटायझरचे पाच लिटरचे कॅन अजून अनेक बाथरूमच्या खाली पडलेले आहेत. हे पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. मूळ बाटली, मूळ लेबल, आणि मुलाचा हात पोहोचणार नाही अशी कुलपाची जागा. मुलानं काही प्यायल्याची शंका आली तर उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका, 'बरं दिसतंय' म्हणून थांबू नका. थेट हॉस्पिटल गाठा आणि बाटली बरोबर न्या, रिकामी असली तरी. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास चालतं, त्याचा टोल फ्री नंबर १८०० ११६ ११७ आहे. फ्रिजवर लिहून ठेवा.

आणि हो, स्टोव्हच्या त्या काकड्याला तुमच्याकडे काही वेगळं नाव होतं का? असेल तर मला जरूर कळवा. कोल्हापूर, सोलापूर, इंदूर, बडोदा, कुठूनही चालेल. पुढच्या महिन्याचा शब्द त्यातूनच निघेल असं वाटतंय.